पोकलेनच्या साखळीतली कडी

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



रस्त्याचे काम चालू असते, खड्ड्याच्या कडेला एक पिवळे यंत्र माती उपसत असते आणि येणारा-जाणारा घटकाभर थांबून बघत राहतो. या बघ्यांच्या गर्दीत आपण सर्वांनीच कधी ना कधी हजेरी लावलेली आहे. चाकांवर चालणाऱ्या यंत्राला आपण सरसकट ‘जेसीबी’ म्हणतो आणि साखळीवर चालणाऱ्याला ‘पोकलेन’. खरे म्हणजे ही दोन्ही कंपन्यांची नावे. पोकलेन ही मूळची फ्रान्समधली कंपनी. तिच्या पद्धतीची यंत्रे आपल्याकडे लार्सन अँड टुब्रोने बनवली आणि मग कोणत्याही कंपनीच्या यंत्राला तेच नाव चिकटले. वनस्पती तुपाला जसे आपण डालडा म्हणत आलो, तसे.

बघणाऱ्यांचे लक्ष बहुधा वर असते, त्या अवाढव्य हाताकडे आणि बकेटकडे. माझे लक्ष मात्र खाली साखळीकडे जाते. कारण तसल्या साखळीच्या कड्या घडवण्यात माझी चौतीस वर्षे गेली. १९७८ साली हेल्पर म्हणून लागलो आणि २०१२ साली फोरमन म्हणून निवृत्त झालो. या चौतीस वर्षांनी मला घर दिले, मुलांची शिक्षणे केली आणि डाव्या कानाची श्रवणशक्ती तेवढी काढून घेतली. आज रेडिओवर बोलतो आहे खरा, पण घरी हा कार्यक्रम ऐकताना आवाज इतका मोठा लावावा लागेल की शेजारीही श्रोते होतील.

माझे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात लोहारकाम करीत. सुगीच्या आधी त्यांच्या भात्यापुढे कुदळी, विळे, नांगराचे फाळ यांचा ढीग पडे. फाळ तापवायचा, ऐरणीवर ठोकून टोक काढायचे, मग पुन्हा तापवून त्याला पाणी द्यायचे. ‘पाणी देणे’ हा शब्द मला तेव्हा गमतीचा वाटे. लोखंडाला कसली तहान लागते? पुढे कारखान्यात हार्डनिंग नावाचा विभाग पाहिला तेव्हा कळले, की आजोबा जे फरशीएवढ्या जागेत करीत, त्याचीच इथे तीन शेड झाली आहेत.

तापवून घडवण्याला आम्ही हॉट फोर्जिंग म्हणतो. पोलादाचा ठोकळा साधारण साडेअकराशे ते साडेबाराशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा. तो वितळत नाही, पण लोण्याला यावा तसा मऊपणा त्याला येतो. मग वर एक आणि खाली एक अशा दोन कोरीव साच्यांमध्ये, म्हणजे ‘डाय’मध्ये, ठेवून त्याच्यावर घण घालायचा किंवा प्रेसने दाबायचा. धातू साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात सरकतो आणि जास्तीचा धातू फटीतून बाहेर झालरीसारखा येतो. त्याला फ्लॅश म्हणतात. तो गरम असतानाच कातरून टाकायचा. सांगायला चार वाक्ये लागली, करायला वीस-पंचवीस सेकंद लागतात.

मोठा घण ही एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. ‘ग्रेट ब्रिटन’ नावाच्या जहाजाच्या वल्हचाकांना एवढा जाड दांडा हवा होता, की तो घडवू शकेल असा घणच कुठे नव्हता. १८३९ साली जेम्स नॅस्मिथ या इंजिनिअरने वाफेवर चालणाऱ्या घणाचे चित्र आपल्या वहीत काढले. गंमत अशी, की त्या जहाजाला पुढे वल्हचाकांऐवजी पंखा बसवायचे ठरले आणि तो दांडा कधी लागलाच नाही. घण मात्र राहिला. आपल्या पुण्यात १९६१ साली नीळकंठराव कल्याणींनी भारत फोर्ज काढली, मुंढव्याला कारखाना उभा राहिला आणि या शहराच्या आसपास फोर्जिंगचा धंदा रुजला. तिथे पुढे सोळा हजार टनांचे प्रेस आले. मी ज्या कारखान्यात होतो तो वेगळा आणि त्या मानाने फारच लहान. त्याचे नाव मी सांगणार नाही. का, ते पुढे कळेलच.

आता साखळीविषयी. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनजवळची जमीन इतकी भुसभुशीत, की वाफेचे जड ट्रॅक्टर तिच्यात रुतून बसत. बेंजामिन होल्ट या कारखानदाराने १९०४ साली चाकांच्या जागी फळ्यांचे फिरते पट्टे बसवून पाहिले. यंत्र रुतेना. म्हणजे यंत्र आपला रस्ता आपणच पुढे अंथरते आणि मागून गुंडाळून घेते. ते चालताना कोणाला तरी सुरवंटासारखे दिसले आणि सुरवंटाचे इंग्रजी नावच, ‘कॅटरपिलर’, पुढे कंपनीचे नाव झाले. वीस टनांच्या पोकलेनला एका बाजूच्या साखळीत पंचेचाळीस ते पन्नास जोड असतात. प्रत्येक जोडात डावी आणि उजवी अशा दोन कड्या. म्हणजे एका यंत्राखाली दोनशेच्या जवळपास कड्या झाल्या. त्यांना आम्ही लिंक म्हणतो. दिसायला वाकडीतिकडी, दोन्ही टोकांना भोके, एका माणसाला सहज उचलता येईल एवढी. या दोनशे कड्यांवर सगळा डोलारा चिखलात, मुरमात, काळ्या कातळावर फिरत असतो.

ही कडी ओतून का करीत नाहीत, घडवूनच का करतात, असे मला पुष्कळ जण विचारतात. ओतकाम वाईट नव्हे. बकेटचे दात कितीतरी ठिकाणी ओतलेलेच असतात आणि उत्तम चालतात. पण कडीला नुसते झिजणे सोसायचे नसते, तिला ओढ सोसायची असते, पीळ सोसायचा असते, तोही लाखो वेळा. कुऱ्हाडीचा दांडा करताना सुतार उभ्या रेषेचे लाकूड का निवडतो? रेषा आडवी आली तर पहिल्याच घावाला दांडा तुटेल म्हणून. पोलादातही अशा रेषा असतात. कडी मधोमध कापून, घासून, गरम आम्लात बुडवली की त्या डोळ्यांना दिसतात. नीट घडवलेल्या कडीत त्या रेषा ओढ्याच्या पाण्याने खडकाला वळसा घालावा तशा भोकाभोवती वळलेल्या असतात. मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा त्या रात्री जेवताना बायकोला कागदावर काढून दाखवले होते. तिने भात वाढला आणि कागद बाजूला ठेवला.

या पोलादात बोरॉन नावाचे द्रव्य घालतात. किती? लाख भागांत एक ते तीन भाग. एवढ्याशा चिमटीने पोलाद आतपर्यंत कडक होऊ शकते. घडवल्यावर कडी पुन्हा तापवून झटकन निववतात, मग थोडी तापवून तिचा ठिसूळपणा काढतात. शेवटी जिथे रोलर फिरतो तेवढी पट्टीच विजेच्या वेटोळ्याने तापवून निववतात. ती पट्टी रॉकवेलच्या मापाने पन्नास-पंचावन्न कडक आणि बाकीचे अंग चिवट. आजोबा विळ्याच्या धारेलाच पाणी देत, पाठीला देत नसत. पाठ कडक झाली तर विळा तुटतो, हे त्यांना ठाऊक होते.

मला काम शिकवले ते नानांनी. नाना हॅमरमन होते, शाळा चौथीपर्यंत. त्या वेळी तेलाची भट्टी होती आणि तापमान डोळ्यांनी ओळखायचे. नाना म्हणत, “हळदीवर मारायचं, शेंदरावर थांबायचं.” म्हणजे ठोकळा हळदीसारखा पिवळा दिसला की घाव घालायला सुरुवात करायची आणि शेंदराच्या रंगावर उतरला की हात आवरायचा, मग काम अर्धे राहिले तरी चालेल. पांढरा होऊन ठिणग्या उडू लागल्या तर तो जळला. जळलेल्या पोलादाला औषध नाही, ते भंगारातच जायचे. आणि निवलेल्यावर घाव घातला तर धातू सरकत नाही, दुमडतो.

हे दुमडणे म्हणजे काय ते घरातल्या मंडळींना चटकन कळेल. घडीची पोळी करताना आपण मध्ये तेल लावतो, म्हणून लाटल्यावरही पदर एकजीव होत नाहीत आणि भाजल्यावर सुटे होतात. तापलेल्या पोलादावर खपली येते. धातू दुमडला की ती खपली घडीत अडकते आणि तेलाचे काम करते. वरून कडी एकसंध दिसते, आत पदर सुटलेला असतो. याला आम्ही ‘लॅप’ म्हणतो. पोळीचे पदर सुटले तर सुगरणीचे कौतुक होते. कडीचा पदर सुटला तर काय होते, तेच सांगायला मी आज आलो आहे.

ही गोष्ट २००८ सालच्या मार्चअखेरची. आर्थिक वर्ष संपत आलेले, माल निघायची घाई आणि त्या काळात महाराष्ट्रात विजेची काय अवस्था होती ते आपल्याला आठवत असेल. आमच्याकडे तेलाची भट्टी जाऊन विजेचे इंडक्शन हीटर आले होते. तांब्याच्या वेटोळ्यातून ठोकळे एकामागोमाग सरकतात आणि दुसऱ्या टोकाने पिवळेजर्द होऊन बाहेर पडतात. रात्रपाळीचा फोरमन मी होतो. सव्वादोनला वीज गेली. वीस-पंचवीस मिनिटांनी आली.

अशा वेळी नियम साधा असतो. वेटोळ्यात अडकलेले ठोकळे बाहेर ढकलायचे, वेगळ्या पेटीत टाकायचे आणि नव्या ठोकळ्यांपासून सुरुवात करायची. कारण अडकलेला माल अर्धवट निवलेला असतो. वीज परत आली की त्याची कातडी लगेच तापते, गाभा मागे राहतो. पायरोमीटर बिचारा कातडीच बघतो. आमच्या वेटोळ्यात बावीस ठोकळे होते.

प्रेसवरच्या पोराने विचारले, “साहेब, काढू का बाहेर?”

मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, “चालू दे.”

नाना निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. ते तिथे असते तर त्यांनी ठोकळा प्रेसखाली येऊ दिला नसता. मला रंग दिसत नव्हता असे नाही. पहिले पाच-सहा हळदीपेक्षा उतरलेले आहेत हे मला दिसले होते.

ते बावीस ठोकळे त्या पाळीच्या हजारभर कड्यांत मिसळून गेले. पुढे शॉट ब्लास्टिंगमध्ये पोलादी छऱ्यांचा मारा होतो, त्याने लॅपचे तोंड असले तरी चेपून बंद होते. तडे शोधायची चुंबकी तपासणी तेव्हा सगळ्या मालाची होत नसे, शंभरात पाच नग घेत. माल गेला. वर्षाचे उद्दिष्ट गाठल्याबद्दल एप्रिलमध्ये सर्वांना पेढे वाटले, मीही खाल्ले.

डिसेंबरात फोन आला. कोकणात एका घाटरस्त्याच्या कामावर साखळी तुटली होती. कंपनीने मला पाठवले. डोंगर कापून केलेल्या अरुंद टप्प्यावर यंत्र तिरके उभे होते, एका बाजूची साखळी मेलेल्या सापासारखी मागे पसरलेली. ऑपरेटर झारखंडचा, पंचवीस-सव्वीस वर्षांचा. साखळी तुटली तेव्हा यंत्र दरीकडे सरकू लागले होते. त्याने उडी मारली नाही. हात पूर्ण खाली आणून बकेट जमिनीत रोवली आणि तसाच धरून बसला. सात-आठ फूट घसरून यंत्र थांबले. खालच्या टप्प्यावर पाइप टाकणारी चार माणसे होती.

“बकेट गाड दी साहब, और क्या करता,” एवढेच तो म्हणाला. मग त्याने मला चहा आणून दिला. त्याचा हात तेव्हा स्थिर होता, माझाच हलत होता.

तुटलेली कडी हातात घेतली. तुटीचा बराचसा भाग ताजा, करडा, चकचकीत. पण कोपऱ्याला नखाएवढी एक काळी चंद्रकोर. ताजी तूट काळी नसते. तो काळेपणा खपलीचा, म्हणजे ती जागा कधी जुळलेलीच नव्हती. तिथून तडा रोज थोडा थोडा वाढत गेला आणि त्या दिवशी उरलेले अंग तुटले. कडी उलटी केली. प्रत्येक कडीवर महिना, पाळी आणि पोलादाची खूण ठोकलेली असते. चिखल पुसायच्या आधीच मला कळले होते, तरी पुसला.

ऑपरेटरने विचारले, “साहब, ये आपके यहाँ बनता है?”

मी म्हणालो, “हां.” त्याच्या पुढचे काही मला बोलता आले नाही.

परत आल्यावर वरिष्ठांनी सांगितले, की अहवालात ‘चालकाची चूक’ लिहा. उतारावर यंत्र जागच्या जागी वळवले, साखळी गरजेपेक्षा जास्त ताणलेली होती, दगड अडकला, असे लिहायला वाव होता. खोटेही म्हणता आले नसते, कारण तो उतारावर वळला होताच. पण वीस टनांच्या यंत्राची साखळी वळण्यासाठीच केलेली असते. मी तो अहवाल लिहिला. होय, लिहिला. दोन दिवस तो माझ्या खणात पडून होता. तिसऱ्या दिवशी फाडला आणि दुसरा लिहिला. त्यात कारण लिहिले ‘फोर्जिंग लॅप’, खाली तारीख, वीज गेल्याची वेळ, बावीस हा आकडा आणि फोरमनचे नाव.

यात मोठेपणा काही नाही. मोठेपणा असता तर तो घाटातच, चहा पिताना, तोंडातून निघाला असता.

त्या पाळीच्या कड्या कुठे कुठे गेल्या ते शोधून काढायला दीड महिना लागला. गोदामात होत्या, विक्रेत्यांकडे होत्या, काही यंत्रांखाली चालू होत्या. परत आलेल्या प्रत्येक कडीची चुंबकी तपासणी केली. अंधाऱ्या खोलीत निळ्याजांभळ्या दिव्याखाली तडा हिरव्या रेघेसारखा चमकतो. आणखी तीन कड्यांत तो दिसला. माझी एक वेतनवाढ थांबली आणि फाइलला एक पत्र लागले, तेही योग्यच होते. त्यानंतर हीटरच्या तोंडाशी आपोआप उघडणारी एक झडप बसवली. वीज गेली किंवा तापमान उतरले की ती उघडते आणि ठोकळे थेट पेटीत पडतात. कोणाला विचारावे लागत नाही आणि कोणाला ‘चालू दे’ म्हणता येत नाही. खरे तर ती झडप आधीही बसवता आली असती, तिचा खर्च काही फार नव्हता.

माझा अहवाल ठेकेदाराकडे पोहोचला तोवर त्याने त्या ऑपरेटरला कामावरून काढून टाकले होते. यंत्र बंद पडले की पहिला राग चालवणाऱ्यावर निघतो. मी फोन करून सांगितले, की त्याची चूक नव्हती, उलट त्याने यंत्र वाचवले. पलीकडून उत्तर आले, की तो गावी गेला, आता नंबर लागत नाही. मीही पुन्हा दोनदा लावून पाहिला.

काही वर्षांपूर्वी पुण्यात मेट्रोचे काम चालू होते. सकाळी फिरायला जाताना एका पोकलेनजवळ थांबलो. यंत्र बंद होते, साखळीवर चिखल वाळलेला. वाकून एका कडीवरची खूण वाचता येते का ते बघत होतो. केबिनमधून ऑपरेटर खाली उतरला.

“काका, काही पडलं का?”

“नाही रे. नंबर बघतोय.”

त्याला काय वाटले कोण जाणे. त्याने पाण्याची बाटली आणली, कडीवर ओतली आणि बुटाच्या टोकाने चिखल बाजूला केला. अक्षरे दिसली. आमच्या कारखान्याची नव्हती. तरीही मी साखळीच्या कडेकडेने शेवटपर्यंत चालत गेलो आणि तो बाटली घेऊन माझ्या मागून येत राहिला.